हातचा येण्याआधी

पहिली-दुसरीतल्या मुलाला "आठ नि सात किती?" असं विचारलं आणि "पंधरा" असं उत्तर आलं, की घरात विषय संपतो. तो तिथे संपू नये. पंधरापर्यंत पोचायच्या निदान सहा वाटा आहेत आणि मूल कुठल्या वाटेने आलं, हे नुसत्या उत्तरावरून कळत नाही. एक मूल आठ बोटं काढतं, मग सात काढायला बोटं पुरत नाहीत म्हणून गोंधळतं आणि शेवटी पाटीवर रेघा मारून सगळं एकपासून मोजतं. दुसरं "आठ" म्हणून थांबतं आणि सात बोटं संपेपर्यंत नऊ, दहा, अकरा करत पुढे जातं. तिसऱ्याला "तीन नि आठ" विचारलं, तरी ते न सांगता आठपासून निघतं, कारण तेवढेच कष्ट वाचतात. चौथं म्हणतं, सात नि सात चौदा, अजून एक. पाचवं सातातले दोन आठला देऊन दहा करतं, पाच उरतात. सहाव्याच्या तोंडी उत्तर तयारच असतं.

या वाटांचा अभ्यास गेली पन्नास वर्षं चालू आहे आणि त्यातल्या ठळक गोष्टींवर फारसा वाद उरलेला नाही. १९७७ मध्ये गाय ग्रोएन आणि लॉरेन रेझनिक यांनी अमेरिकेत साडेचार-पाच वर्षांच्या मोजक्या मुलांना फक्त 'सगळं एकपासून मोज' एवढंच शिकवलं. काही आठवड्यांच्या सरावानंतर त्यांतली निम्मी मुलं कोणी न सांगता मोठ्या संख्येपासून पुढे मोजू लागली. १९८४ मध्ये टॉमस कार्पेंटर आणि जेम्स मोझर यांनी पहिली ते तिसरीपर्यंत मुलांचा पाठपुरावा करून हा क्रम पक्का केला. रॉबर्ट सीग्लर यांनी त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली: मूल एक पायरी सोडून दुसरीवर कायमचं चढत नाही. तेच मूल सोमवारी दहा करतं आणि मंगळवारी त्याच गणिताला बोटं काढतं. म्हणून बोटं दिसली की हातावर पट्टी मारणाऱ्यांनी जरा थांबावं. नॅन्सी जॉर्डन यांच्या २००८ च्या अभ्यासात शाळा सुरू होताना बोटं वापरणारी मुलं बेरजेत पुढेच होती. हा फायदा दुसरी संपेपर्यंत ओसरतो.

आपल्या घरांत बोटांपेक्षा पेरांची सवय जुनी. आजी अंगठा पेरांवरून फिरवत जप मोजते, एका बोटावर तीन, चार बोटांवर बारा. जपाला ते उत्तम आहे. पण बेरीज शिकणाऱ्या मुलाला अख्खी बोटंच बरी, कारण पाच-पाचचा साचा त्यांतच आहे. सात म्हणजे एक पूर्ण हात नि दोन, हे बोटांवर दिसतं, पेरांवर दिसत नाही.

खरी दरी पडते ती दुसऱ्या-तिसऱ्या आणि चौथ्या-पाचव्या वाटेच्या मध्ये. एडी ग्रे आणि डेव्हिड टॉल यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की गणितात मागे पडणारी मुलं कमी काम करत नसतात, उलट जास्त करत असतात. पुढची मुलं संख्या फोडून दोन पावलांत पोचतात, मागची मुलं तेरा पावलं मोजत राहतात आणि वाटेत एखादं चुकतं. ही फोड आपल्याकडे पुरेशी रुजण्याआधीच वहीत उभी मांडणी आणि 'हातचा एक' येतो, असं माझं मत आहे. बाकीचा आढावा त्याभोवतीच फिरतो.

आधी कामाचा आवाका पाहू, कारण तो वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे. एक ते नऊ या अंकांच्या बेरजा एक्याऐंशी. तीन नि पाच म्हणजेच पाच नि तीन, हे एकदा पटलं की उरल्या पंचेचाळीस. त्यांतल्या पंचवीस बेरजा दहा किंवा दहाच्या आत संपतात. दहा ओलांडणाऱ्या वीस. त्यांतून सहा, सात, आठ, नऊ यांच्या दुपटी वजा करा, सोळा उरतात. नवाच्या सात बेरजा 'दहा मिळव, एक काढ' या एकाच युक्तीने जातात. शेवटी हातात नऊच राहतात: आठाशी तीन, चार, पाच, सहा, सात, साताशी चार, पाच, सहा, आणि सहा-पाच. त्यांतही आठ-सात, सात-सहा, सहा-पाच या तिन्ही दुपटीच्या शेजारच्या. म्हणजे दहाच्या पाच जोड्या आणि दुपटी एवढं तोंडपाठ असलं, की बाकीचं मूल स्वतः जुळवू शकतं. पाठांतराला माझा विरोध नाही. पाठ काय करायचं, याची निवड आपण चुकवतो. पाढ्यांसाठी जिवाचं रान करणाऱ्या घरात 'सहाची जोडी कोण?' असं मात्र कुणी विचारत नाही.

आता मराठीची स्वतःची अडचण. आठ नि पाच करताना मुलाने दहा केले, तीन उरले, इथपर्यंत सगळं छान. पण 'दहा नि तीन' म्हणजे 'तेरा' हे त्याला वेगळं पाठ असावं लागतं. चिनी किंवा जपानी मुलाला ते लागत नाही. त्याच्या भाषेत तेराचं नावच 'दहा-तीन' आहे. आयरीन मिउरा यांनी १९८० च्या दशकात आशियाई आणि अमेरिकी मुलांची तुलना करून या फरकाकडे लक्ष वेधलं, आणि त्यावर नंतर बराच खल झाला. चीन-जपानच्या यशाला शाळा, घर, सराव अशी इतरही कारणं आहेत, हे खरंच. पण 'दहा नि तीन?', 'दहा नि सहा?' असा झटपट सराव आपल्या पहिलीच्या वर्गात वेगळा करून घ्यायला हवा. तो न झाल्यामुळे दहा करण्याची युक्ती मुलांना लांबचा वळसा वाटते आणि ती बोटांकडे परततात.

विसाच्या पुढे अडचण बदलते. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतात, वीस नंतर, आणि लिहिताना दोन आधी. त्यातून सत्तावीसचे बहात्तर होतात, हे कुठल्याही दुसरीच्या बाईंना विचारा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकाने एकवीसबरोबर 'वीस एक' असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण विधानसभेत गेलं, विनोद झाले, मराठी बुडाल्याचं जाहीर झालं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला एक आधार दिला आहे. 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या या बाईंचा हेतू तपासायची गरज पडावी, हेच नवल. २०२३ मध्ये त्या गेल्या.

असा वाद फक्त आपल्याकडेच झाला असंही नाही. नॉर्वेमध्ये पूर्वी 'सात नि वीस' म्हणत. १९५१ मध्ये तिथल्या संसदेने 'वीस-सात' हे रूप अधिकृत केलं. मागणी मुख्यतः टेलिफोन खात्याची होती, कारण आकडे ऐकताना चुका होत. सत्तर वर्षं उलटली तरी जुनी रूपं लोकांच्या तोंडी आहेतच, आणि नॉर्वेजियन भाषाही आहे. डच लोकांनी नावं बदलली नाहीत. त्यांच्याकडेही आपल्यासारखा एकक आधी येतो. त्यांनी तोंडी बेरजेची पद्धतच अशी घडवली, की या अडचणीला वळसा पडावा. तिच्याकडे पुढे येतो.

आपल्या नावांत एक अडचण आहे तशी एक देणगीही आहे, आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद. एकोणतीस म्हणताना तिसाला एक कमी हे तोंडातूनच बाहेर पडतं. आकडे म्हणणाऱ्या मुलाला एकोणतीस अवघड जातं, कारण अजून न आलेल्या तिसाचं नाव आधी आठवावं लागतं. पण बेरजेत तेच सोनं आहे: एकोणतीस नि चौदा म्हणजे तीस नि चौदा, एक कमी. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ही युक्ती वेगळी शिकवावी लागते, मराठीत ती नावातच बसलेली आहे. नव्याण्णव मात्र फितूर. त्याने एकोणशंभर व्हायचं नाकारलं.

आता हातचा. अडतीस नि सत्तावीस वहीत मांडलं की मूल म्हणतं: "आठ नि सात पंधरा, पाच खाली, हातचा एक. तीन नि दोन पाच, नि एक सहा." उत्तर पासष्ट, बरोबर. पण या सगळ्यात तीस आणि वीस कुठेच उच्चारले गेले नाहीत. तेच मनात करायचं तर सरळ उलटीकडून: तीस नि वीस पन्नास, वर पंधरा, पासष्ट. किंवा अडतीसला दोन देऊन चाळीस, उरले पंचवीस. किंवा अडतीसवरून वीसची उडी, अठ्ठावन्न, मग दोन, मग पाच. आणि इथे मराठीचा खोडसाळपणा पुन्हा दिसतो. 'अडतीस नि सत्तावीस' ऐकताना कानावर आधी आठ नि सातच पडतात. म्हणजे आपली नावं उभ्या मांडणीला धार्जिणी आणि तोंडी हिशेबाला आडवी. म्हणूनच मराठी शाळेत हातचा लांबवण्याची गरज जास्त आहे.

हातच्यावर सर्वांत कडक टीका कॉन्स्टन्स कामी यांची. १९९८ मध्ये त्यांनी ॲन डॉमिनिक यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात पहिली ते चौथीत उभी पद्धत शिकवणं घातकच ठरवलं. सात, बावन्न आणि एकशे शहाऐंशी यांची तोंडी बेरीज त्यांनी वेगवेगळ्या वर्गांना दिली. ज्यांना उभी मांडणी शिकवलेलीच नव्हती त्या मुलांची उत्तरं जास्त बरोबर आली. शिवाय त्यांच्या चुकाही समंजस होत्या. दोनशे चाळीसच्या आसपासच्या. हातचेवाल्यांची चुकीची उत्तरं हजाराच्या घरातही गेली. मी कामींइतका टोकाला जाणार नाही. मोठ्या संख्यांना उभी मांडणी लागतेच. पण दुसरीत दोन अंकी संख्यांसाठी ती घाईने आणून आपण काय मिळवतो? देशभरच्या ग्रामीण भागाच्या असर पाहणीत २०२४ साली तिसरीतली जेमतेम एक तृतीयांश मुलं निदान हातच्याची वजाबाकी करू शकली. असर शहरांत जात नाही, त्यामुळे आमच्या कल्याण-डोंबिवलीचा आकडा त्यात नाही. इथलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

जुन्या उजळणीचं नाव या चर्चेत नेहमी निघतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणणारी पिढी हिशेबात पक्की होती, हे खरं. पण ती उजळणी त्या काळच्या नाण्यांसाठी बनली होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे चौसष्ट पैशांत पाव, अर्धा, पाऊण सतत लागायचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि पावकीचा पाया सुटला. ३० जून २०११ ला चारआणेही चलनातून गेले. उजळणी परत आणा म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं, की तिची ताकद नुसत्या घोकण्यात नव्हती. सकाळी घोकलेलं संध्याकाळी वाण्याकडे वापरलं जाई.

वाण्याकडचं हे गणित शाळेपर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न जगभर विचारला गेला. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्या कॅराहर आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे नुसते गणित म्हणून दिले तर ३७ टक्के. बारा वर्षांचा एक नारळवाला पस्तीसच्या दराने दहा नारळांचा हिशेब असा करतो: तिनाचे एकशे पाच, अजून तीन, दोनशे दहा, अजून तीन, तीनशे पंधरा, नि एक, साडेतीनशे. दहाने गुणताना शून्य लावायचा नियम त्याच्या कामाचाच नाही. आपल्याकडे धारावीतल्या मुलांचं असं शाळेबाहेरचं गणित मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून अरिंदम बोस यांनी तपासलं. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर मोठा अभ्यास 'नेचर'मध्ये छापला. बाजारातली मुलं शाळेच्या गणितात अडतात आणि शाळेतली मुलं बाजाराच्या, असा दोन्हीकडून निष्कर्ष निघाला.

कल्याणच्या लक्ष्मी मार्केटमध्ये संध्याकाळी उभं राहिलं, तर अजूनही एखादी जुनी भाजीवाली मावशी वजाबाकी न मांडता सुटे देताना दिसते. एकशे सदतीसची भाजी, दोनशेची नोट. ती म्हणते, "एकशे सदतीस, हे चाळीस, हे दीडशे, हे दोनशे," आणि हातावर तीन, दहा, पन्नास पडतात. वजाबाकी पूर्ण, हातचा न घेता. ज्या पद्धतीला पुस्तकात 'पुढे मोजून वजाबाकी' म्हणतात ती हीच. पण शेजारच्या गाळ्यावर क्यूआर कोड आहे आणि डबीतून बाईचा आवाज येतो, "एकशे सदतीस रुपये प्राप्त हुए." २०१६ नंतर यूपीआयने सुट्या पैशांचं भांडण मिटवलं, हे सोयीचंच झालं. पण आईबरोबर भाजीला आलेल्या मुलासमोर आता हिशेब घडतच नाही. बाजारात मराठी गणिताचा जो फुकटचा वर्ग चालायचा, तो असा बंद पडला. लोकलचं वेळापत्रक तेवढं उरलंय. ८:४७ ची जलद ठाण्याला पंचवीस मिनिटांत पोचली तर किती वाजता? तेरा मिनिटांनी नऊ, उरली बारा, ९:१२. दहा करण्याचीच ही युक्ती, फक्त दहाच्या जागी साठ. तिसरीतल्या मुलांना हा खेळ भलता आवडतो.

बाजारातून गेलेला हिशेब परत आणण्याच्या नावाखाली कल्याण-डोंबिवलीत जिने चढून दिसतात ते ॲबॅकसचे वर्ग. त्यांच्याबद्दल बोलताना लोक एकदम भक्त तरी होतात नाहीतर टवाळ. पुरावा मधला आहे. डेव्हिड बार्नर, मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्यात २०४ मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाला तीन वर्षं मनातला ॲबॅकस शिकवला, दुसऱ्याला तेवढाच वेळ जादा गणित. २०१६ मध्ये निकाल छापला: ॲबॅकसवाल्यांची आकडेमोड थोडी सरस, पण स्मरणशक्ती, एकाग्रता वाढल्याचा पुरावा नाही. ज्यांची दृश्यस्मृती मुळात चांगली होती त्यांनाच फायदा जास्त झाला. म्हणजे 'मेंदूचा विकास' ही जाहिरात सोडून द्या, आकडेमोड ठेवा. गंमत अशी, की या वर्गांतले 'छोटे मित्र, मोठे मित्र' म्हणजे पाचच्या नि दहाच्या जोड्याच. आठ मिळवायचे तर दहा मिळवून दोन काढायचे. हेच पहिलीच्या बाई काड्यांच्या गठ्ठ्याने फुकट शिकवू शकतात. ॲबॅकसमध्ये तो बोटांच्या हालचालीचा नियम होतो, आणि वेगाच्या नादात 'का' मागे राहतो. वैदिक गणिताच्या पुस्तकांचा, म्हणजे भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ च्या ग्रंथाचा नि त्याच्या पिलावळीचा, भर बहुतेक गुणाकार-भागाकारावर आहे. सहा वर्षांच्या मुलाला त्यातून फारसं काही मिळत नाही.

कल्याण ज्यात आहे त्या ठाणे जिल्ह्याकडे पाहण्यासारखा दुसरा वारसा आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडला गेलं. हा डहाणू तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये. परदेशी मॉन्टेसरी साहित्य परवडणार नाही म्हणून त्यांनी चिंचोके, शिंपले, खडे, पानं यांवर बालवाडी उभी केली. आज त्याच पट्ट्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था मुलांच्या भाषा-गणितावर काम करते. नवनिर्मिती संस्थेत विवेक माँटेरो आणि गीता महाशब्दे यांनी गणित हातांनी करायचा धरलेला आग्रह याच कुळातला. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आदेशानंतर असं साहित्य जिल्हा परिषदेच्या शाळांत मोठ्या प्रमाणात पोचलं. पेटीत बंद राहिलेलंही बरंच.

साहित्याबद्दल एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. सुटे चिंचोके मोजायला लावतात, फोडायला नाही. पंधरा चिंचोके समोर असले की मूल परत एकपासून मोजणार. त्यासाठी साहित्यातच पाच आणि दहा दिसायला हवेत. डच लोकांनी दोन ओळींत प्रत्येकी पाच लाल, पाच पांढरे मणी असलेली चौकट केली, आणि शंभर मण्यांची माळ, दर दहाला रंग बदलणारी. दिल्लीच्या जोडो ज्ञान संस्थेने ती भारतात रुळवली, आणि गणितमाळ आता आपल्याकडच्या शाळांत भिंतीवर टांगलेली दिसते. अडतीस नि सत्तावीससाठी अडतीसावर चिमटा लावा. पुढच्या रंगापर्यंत किती मणी? दोन. मग वीस मणी, म्हणजे दोन रंग, मग पाच. काही आठवड्यांनी माळ काढून वहीत नुसती रेघ मारायची, आकडे न छापलेली, आणि त्यावर उड्या काढायच्या. डच संशोधक बाइसहाउझेन यांनी १९९० च्या दशकात पाहिलं, की पहिली संख्या अखंड ठेवून तिच्यावरून दहादहाच्या उड्या मारणारी मुलं, दशक-एकक दोन्हीकडे फोडणाऱ्यांपेक्षा कमी अडखळतात. विशेषतः वजाबाकीत. एकक आधी उच्चारणाऱ्या मराठी मुलालाही हाच मार्ग सोपा, कारण अडतीस हे नाव तोडावंच लागत नाही. आपल्या पुस्तकांत मात्र फोड करून मांडायलाच जास्त जागा मिळते.

सापशिडीही याच जातीची, आणि तिच्या मोक्षपटाचा मान परंपरेने ज्ञानेश्वरांना दिलेला आहे. सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांना आकड्यांचा साधा सरळ पट थोडा वेळ खेळायला दिला, तेवढ्यानेही त्यांची संख्यांची जाण सुधारली. अट एकच: पंचविसावर असताना दोन पडले तर "एक, दोन" नाही, "सव्वीस, सत्तावीस" म्हणत पुढे जायचं.

या सगळ्याला एक मोठा धोका आहे, आणि तो इंग्लंडने दाखवला. १९९९ मध्ये तिथे रोजच्या गणिताच्या तासाची सुरुवात तोंडी गणिताने करायचं धोरण आलं, उभी मांडणी लांबवली. हेतू चांगला. पण बऱ्याच वर्गांत युक्त्यांचाच पाढा झाला: आज दुपटीची, उद्या दहाची, परवा उडीची, आणि परीक्षेत 'उडीने सोडवा'. ज्या मुलाला फोड सुचली नाही त्याला आता एकाऐवजी चार रीती पाठ कराव्या लागल्या. मागे पडणाऱ्या मुलाला एकच भरवशाची वाट नीट दाखवावी, असं म्हणणारे संशोधक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या मते ती वाट 'दहा करा' ही असावी. बाकीच्या वाटा मुलांकडून आल्या तर घ्याव्यात.

त्या येतात कशा? फळ्यावर २५ + २७ लिहायचं, पेन खाली, वही बंद. उत्तर ओरडायचं नाही, छातीशी अंगठा धरायचा. मग बाई विचारतात, "कसं केलंस रे?" एक म्हणतो, पंचवीस नि पंचवीस पन्नास, दोन वर. दुसरी म्हणते, सत्तावीसला तीन देऊन तीस, मग बावीस. तिसरा हळूच सांगतो, बोटांवर केलं. बाई तीनही वाटा फळ्यावर लिहितात, बोटांचीसुद्धा, आणि कुठलीच खोडत नाहीत. पाच-सात मिनिटांचं काम. चाळीस मुलांच्या वर्गात रोज तिघांचंच ऐकणं होतं, अशी शिक्षकांची तक्रार रास्त आहे. ज्या वर्गांत हे चालतं तिथे बाकावरच्या जोडीदाराला आधी सांगायचं आणि बाईंनी दिवसाला एका रांगेत फिरून ऐकायचं, असा तोडगा काढलेला असतो. पाच रांगा असल्या तर आठवड्यात प्रत्येक मूल एकदा तरी ऐकून होतं. यात वहीत काहीच उमटत नाही. त्यामुळे महिन्याच्या पालकसभेत "बेरजा शिकवायला अजून सुरुवातच नाही का, मॅडम?" हा प्रश्न हमखास येतो, आणि पहिली ते तिसरीच्या शाळांना हातचा लांबवायचा असेल तर आधी त्या सभेतच फळ्यावर २५ + २७ लिहून पालकांना पेन खाली ठेवायला सांगावं लागतं.